आधी दगड, मग माणूस

नर्सरीवाला अंगणात येऊन उभा राहिला, पण म्हातारीनं त्याला बस म्हटलं नाही. दोन वर्षांत तो या घराकडं फिरकला नव्हता. आता आला होता तो विहीर आटली म्हणून. गरज लागली की माणसाला वाट बरोबर सापडते.

तो उभ्यानंच बोलला. रोपं पिशव्यांत वाळत होती, टँकरचं पाणी पुरत नव्हतं, विहीर अजून पंधरा फूट तरी खाली न्यावी लागणार होती. आणि त्यासाठी लागणारी यारी, गावातली एकुलती एक, या अंगणात ताडपत्रीखाली गंजत पडली होती.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं यंत्र. डिझेलचं इंजिन, लोखंडी रूळ, रुळावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि दोराला टांगलेली मोठी बादली. बादली वर ओढायचं काम इंजिन करतं. खाली सोडायचं काम एकटा ब्रेक करतो. बादलीत दगड असो की माणूस, त्याचा जीव ब्रेकच्या दांड्यावर ज्याचा हात असेल त्याच्याकडं असतो.

ही यारी अर्धी म्हातारीच्या मुलाची होती, अर्धी त्याच्या भागीदाराची. भागीदाराला सगळं गाव डावऱ्या म्हणायचं, कारण तो घण डाव्या हातानं मारायचा. दोन वर्षांपूर्वी याच नर्सरीच्या विहिरीत म्हातारीचा मुलगा बादलीतून उतरत होता. ब्रेकवर डावऱ्या होता. बादली सुटली आणि थेट तळाला जाऊन आदळली. कागदावर अपघात लिहिला गेला. पण नर्सरीवाल्यानं एक गोष्ट पाहिली होती आणि ती पोटात ठेवायचा त्याचा स्वभाव नव्हता. माणूस खाली पडलेला असताना डावऱ्या आधी अंगातला शर्ट काढून ब्रेक पुसत होता. तेवढं गावाला पुरलं. त्यात मेलेल्याची बायको दिसायला बरी, आणि डावऱ्या बिनलग्नाचा. दोन आणि दोन चार करायला गावाला शाळा लागत नाही.

"यंत्र देते," म्हातारी म्हणाली. "पण विहिरीत तो डावऱ्या उतरेल. आणि ब्रेकवर माझी सून बसेल."

नर्सरीवाला दचकलाच. "बाईमाणूस? यारीवर?"

"बाईमाणूस तुझ्या पिशव्यांत माती भरतं तेव्हा तुला चालतं ना? मग इथंही चालेल. नाही चालत तर दुसरी यारी बघ."

दुसरी यारी कुठून बघणार? तो हो म्हणून गेला.

सून दारात उभी राहून ऐकत होती. दोन वर्षं ती नर्सरीत माती भरत होती आणि नर्सरी वाळली तसं तेही काम गेलं होतं. घरात दोन बायका, आणि मिळवता हात एकच, तोही आता रिकामा. "आई, मला यंत्र चालवता येत नाही," ती म्हणाली.

"शिकशील. त्याच्याकडूनच शीक." म्हातारीनं तांदळातला खडा वेचून बाहेर फेकला. "आणि शिकून झालं की एक दिवस हात सैल सोड. अपघात म्हणतील. माझ्या पोराच्या वेळी म्हणालेच ना?"

भाजी आणायला सांगावी तशा आवाजात ती हे म्हणाली. सून आत वळली. डावऱ्यानं नवऱ्याला मारलं का, हे तिला माहीत नव्हतं. आणि नवरा जिवंत असतानाच तिला डावऱ्या आवडायचा, ही गोष्ट तिनं स्वतःलाही कधी धड सांगितली नव्हती. त्यानं मारलं असेल तर ते आपल्यासाठीच मारलं असणार, या विचारानं ती दोन वर्षं जळत होती. तिला तो खुनी असायला नको होता. आणि तो खुनी निघाला, तर त्याला सोडायचीही तिची तयारी नव्हती.

डावऱ्या दुसऱ्या दिवशी आला. दोन वर्षं गावात त्याला कुणी काम दिलं नव्हतं. तो आसपासच्या खाणींत दगड फोडायला जायचा आणि संध्याकाळी मुकाट्यानं परत याच गावात झोपायला यायचा. हा गाव सोडून जात का नाही, असं सगळे विचारत. त्याला कुणी विचारत नसे.

म्हातारीनं त्याला पाहिलं, भांड्यांचं खरकटं पाणी उचललं आणि त्याच्या पायांवर ओतलं. त्यानं पाय मागं घेतले नाहीत. शिताच्या चिकट पाण्यात तसाच उभा राहून त्यानं ताडपत्री ओढली. म्हातारी आत गेली आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं. त्याचा आवाजही तिला कानावर नको होता.

"वहिनी, इकडं या," तो म्हणाला.

पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची. आता ती त्याला काहीच म्हणत नसे. ती जवळ गेली.

"हा क्लच. हा दाबला की इंजिनचा जोर रुळावर येतो, बादली वर येते. हा दांडा म्हणजे ब्रेक. ओढला की ही पट्टी रुळाला आवळते. उतरवताना थोडा थोडा ढिला करायचा. एकदम नाही." त्यानं पट्टीवर बोट ठेवलं. "बाकी सगळीकडं तेल लागतं. इथं मात्र थेंब चालत नाही. पट्टी कोरडीच पाहिजे. ब्रेक ओरडला पाहिजे. ओरडतो तोवर धरतो."

आणि तो तिच्याकडं बघत राहिला. जरा जास्तच वेळ. चोराला चोरीची वस्तू दाखवून त्याचं तोंड बघावं, तसं. तिला संताप आला. बघायचंच असेल तर आपण याच्याकडं तसं बघायला पाहिजे, हा कोण आपल्याकडं बघणारा?

"कळलं," ती तुटकपणे म्हणाली.

कामाच्या पहिल्या दिवशी अर्धं गाव विहिरीवर जमलं. बाई यंत्र चालवणार ही एक गंमत, आणि कुणाला खाली सोडणार ही दुसरी. नर्सरीवाल्यानं आपल्या मजुरांपैकी दोघांना वर येणारी बादली रिकामी करायला दिलं होतं. तेही टकमक बघत होते.

डावऱ्या बादलीकडं निघाला.

"थांबा," ती म्हणाली. तिनं मजुरांकडून एक मोठा धोंडा बादलीत टाकून घेतला. "आधी दगड. मग माणूस."

"डिझेल काय झाडाला लागतं?" नर्सरीवाला ओरडला. "असं कुणी करतं का?"

"मी करते. रोज सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा."

तिनं दांडा ढिला केला. ब्रेक असा किंचाळला की बाजारातली माणसं दुकानातून बाहेर डोकावली. पन्नास फूट खाली धोंडा अलगद टेकला. बादली वर आली तेव्हा सुनेच्या ओठांवर घाम होता. डावऱ्या बादलीत चढला, दोराला धरून उभा राहिला आणि त्यानं फक्त मान हलवली. त्याचं डोकं काठाखाली जाईपर्यंत दोघं एकमेकांकडं बघत होती. गावकऱ्यांना त्यात हवं ते दिसलं.

मग कामाचे दिवस सुरू झाले. खाली तो घणानं खडक फोडायचा, पहारीनं उचकटायचा, बादली भरायचा आणि वर बांधलेली दोरी ओढायचा. एक हिसका म्हणजे ओढा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे माणूस येतोय. वर ती कान आणि डोळे त्या दोरीला लावून बसायची. पाठीमागं तापलेलं इंजिन, डोक्यावर ऊन, तोंडात धूर. दुपारपर्यंत तिचा उजवा हात खांद्यापासून बधिर व्हायचा. तिसऱ्या दिवशी तळहाताचे फोड फुटले आणि दांड्याला कातडं चिकटलं. मजूर फिदीफिदी हसले. तिनं पदर फाडून हाताला गुंडाळला आणि पुढची बादली ओढली.

संध्याकाळी तिला पाण्याचा पेला उचलवत नसे. म्हातारी तिला पुढ्यात बसवायची आणि तिच्या खांद्याला कोमट तेल चोळायची. म्हातारीच्या हाताशी तेलाची कुपी कायम असे. शिवणयंत्र, बिजागऱ्या, सुनेचा खांदा, जे कुरकुरेल त्याला ती तेल घाली. त्या घरात शिरलेला चोरही कुणाला कळायचा नाही, असं शेजारी म्हणत. तिचे हात मऊ होते, रग बरोबर शोधायचे. सुनेला डोळे मिटून तिथंच झोपावंसं वाटे.

"आज सोडलास का?" म्हातारी तिच्या कानाशी विचारायची.

"नाही."

"उद्या सोड," ती म्हणायची आणि दुसरा खांदा घ्यायची.

दुपारचा डबा म्हातारी स्वतः विहिरीवर आणायची. सुनेपुढं ठेवायची, लांब झाडाखाली बसलेल्या डावऱ्याकडं बघून थुंकायची आणि जेवण होईपर्यंत यंत्रापाशी बसून राहायची. ते यंत्र आपल्या मुलाचं आहे, ते परक्याच्या रानात बेवारशासारखं उभं राहू नये, असं तिचं म्हणणं होतं.

सहाव्या दिवशी डावऱ्या वर आला तेव्हा त्याच्या हातातून रक्त गळत होतं. दगडाची कपची अंगठ्याखाली घुसली होती. म्हातारीला त्या दिवशी ताप होता, त्यामुळे डबा आला नव्हता आणि मजूर घरी जेवायला गेले होते. त्यानं दातांनी फडकं बांधायचा प्रयत्न केला. ते जमेना. शेवटी तीच उठून त्याच्यासमोर जाऊन बसली.

"द्या इकडं."

तिनं कपची नखानं उपटली. त्याचा हात तिच्या हातात होता आणि दोन वर्षांत तिनं कुणा पुरुषाच्या हाताला हात लावला नव्हता. हा हात सोडू नये असं तिला वाटलं. त्याच वेळी याच हातानं ब्रेक सोडला होता, हेही तिला आठवलं. तिनं फडकं गरजेपेक्षा जास्त आवळलं.

"त्या दिवशी ब्रेक का पुसलात?" तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली. "तुम्ही विचारता?"

"मी नाही तर कोण विचारणार? माझा नवरा खाली पडला होता. लोक खाली उतरायला धावतात. तुम्ही शर्ट काढून यंत्र पुसत बसलात. काय होतं तिथं?"

"वहिनी, हे राहू द्या."

"का राहू द्या?"

"दोन वर्षं राहिलंय, पुढंही राहील." तो उठला. "आणि तुम्ही रोज तो दगड कशाला उतरवता? डोळ्यांत धूळ फेकायला?"

तिला त्याचा अर्थ कळला नाही. "तुम्ही त्यांच्या आधी एक दगड उतरवला असतात तर ते आज असते," ती म्हणाली.

तो पडलेल्या चेहऱ्यानं बादलीकडं गेला. त्याचा स्वतःचा डबा झाडाखाली तसाच राहिला.

त्या दुपारी तिनं त्याला उतरवायला घेतलं आणि मधेच, वीस-पंचवीस फुटांवर, तिचा हात सैल झाला. म्हातारीचा शब्द, त्याचं न बोलणं, ऊन, सगळं एकदम डोक्यात चढलं. रूळ भर्रकन फिरला. बादली दोन-तीन फूट खाली गेली आणि तिनं दांडा सगळ्या अंगानं मागं खेचला. ब्रेक किंचाळला. बादली भिंतीला आपटून झुलत राहिली. खालून हाक आली नाही की शिवी आली नाही.

संध्याकाळी तो वर आला. कोपर खरचटलं होतं.

"हात दुखत होता का?" त्यानं विचारलं.

"नाही. मुद्दाम सोडला."

त्यानं कपाळावरचा चिखल पुसला. "मग परत कशाला धरला?"

याचं उत्तर तिला येत होतं. पण ते त्याला द्यायला ती तयार नव्हती. घरी जाताना वाटेत ती रडली, आणि घरी खांदा चोळून घेताना म्हातारीला काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी खडकात ओल लागली. नर्सरीवाला खूश होऊन स्वतः चहा घेऊन आला. ताप उतरल्यावर म्हातारी पुन्हा डबा आणू लागली होती. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ यंत्रापाशी बसली, रिकामा डबा घेतला आणि निघून गेली. सुनेनं धोंडा बादलीत टाकून घेतला आणि दांडा ढिला केला.

ब्रेक ओरडला नाही.

तिनं दांडा ओढला. तो आला, पण रूळ थांबेना. तिनं दोन्ही पाय लोखंडाला रोवून, आडवी होऊन ओढला. रूळ तसाच फिरत होता, दोर सळसळत खाली जात होता आणि मजूर ओरडून मागं पळाले. तळातून असा आवाज आला की झाडावरचे पक्षी उडाले. बादली चेपून गेली होती. धोंड्याचे तीन तुकडे झाले होते.

दोन मिनिटांनंतर त्या बादलीत तो असता.

डावऱ्या धावत आला. तो बादलीकडं गेला नाही. तो सरळ ब्रेकपाशी वाकला, पट्टीवर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग तिच्याकडं पाहिलं. "पुन्हा?" तो म्हणाला.

"पुन्हा म्हणजे?"

"एवढाच जीव घ्यायचा होता तर दगड कशाला पाठवलात?"

"काय बोलताय तुम्ही?"

त्यानं बोट तिच्यापुढं धरलं. बोट चमकत होतं. वास तिच्या रोजच्या ओळखीचा होता. स्वयंपाकघरातलं तेल.

"त्या दिवशीही हेच होतं," तो हळू आवाजात म्हणाला. मजूर काठाशी वाकून खाली बघत होते. "यंत्रावरचं काळं तेल नाही, खायचं तेल. म्हणजे घरातून कुणीतरी घातलेलं. त्या सकाळी यंत्र तुमच्या अंगणात होतं. आणि त्या सकाळी तुमचा ओठ फुटलेला मी पाहिला होता. तुमच्या नवऱ्यानं मारलं होतं तुम्हाला."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, कंटाळून तुम्हीच घातलंत. पोलीस यायच्या आत पुसून टाकलं."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. दोन वर्षं ती त्याला खुनी समजत होती आणि दोन वर्षं तो तिला. "आणि तरी तुम्ही रोज माझ्या हातानं खाली उतरत होता?"

"उतरत होतो."

"का?"

"तुम्ही वर बसणार म्हणून तर कामाला हो म्हटलं." त्यानं नजर खाली घातली. "दोन वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. इथं निदान दोरी ओढली की तुम्हाला कळत होतं."

तिनं त्याच्या तोंडात मारली. मजूर वळून बघू लागले. तिला इतका राग कधी आला नव्हता आणि इतकं सुखही कधी झालं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी. "मी नाही घातलं," ती म्हणाली. "ना तेव्हा, ना आज."

"मग कुणी?"

दोघांच्याही तोंडी नाव आलं आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही.

ती घरी गेली तेव्हा म्हातारी दाराच्या कडीला तेल लावत होती.

"आई, यारीला तेल घातलंत का?"

"घातलं की," म्हातारी म्हणाली. "किती ते बोंबलतं! सगळ्या बाजाराच्या डोक्यात जातं. मला घरात बसून ऐकवत नाही. त्यात दांडा ओढताना तुझ्या खांद्याची वाट लागते. म्हटलं, जरा हलकं होईल. जिथून आवाज येतो तिथं नीट घातलं, अर्धी कुपी रिकामी केली."

"आधी कधी घातलं होतं?"

"एकदाच. तो गेला त्या सकाळी. आदल्या रात्री म्हणाला होता, आई, यंत्र फार ओरडतंय. यंत्र न्यायच्या आत गुपचूप घातलं." तिनं कुपीला बूच लावलं. "म्हटलं, पोराला बरं वाटेल. आणि त्या मेल्यानं त्याच दिवशी घात केला."

सून उंबऱ्यावर बसली. मुलानं आईला यंत्रातलं कधी काही सांगितलं नव्हतं. बायकांना त्यातलं काय कळतं, असं तो म्हणायचा. आणि ब्रेकला तेल चालत नाही हे डावऱ्या सांगत होता तेव्हा म्हातारीनं दार लावून घेतलं होतं.

संध्याकाळी ती विहिरीवर गेली आणि डावऱ्याला सगळं सांगितलं. तो चेपलेल्या बादलीवर हातोडी मारत राहिला.

"तिला सांगू नका," तो म्हणाला. "आपल्या हातानं पोरगं मेलं हे कळलं तर ती जगायची नाही."

"आणि तुमचं काय? गाव तुम्हाला मरेपर्यंत खुनी म्हणेल."

"मला सवय झालीय."

"मला नाही झाली," ती म्हणाली. "मला तुमच्याबरोबर राहायचंय. या गावात, दिवसाढवळ्या."

त्यानं हातोडी खाली ठेवली. त्या दिवसापासून त्यानं तिला वहिनी म्हटलं नाही.

पण गावाला तेवढा दम कुठला? मजुरांनी रातोरात गोष्ट पसरवली होती. सकाळी ती यंत्रापाशी पोचली तेव्हा तिथं पंचवीस-तीस माणसं होती आणि नर्सरीवाल्यानं डावऱ्याची गचांडी धरली होती.

"तेव्हा एक मारला, आता आपल्या आधी दगडच जातो हे बघून बाईला अडकवणार होतास काय?" तो ओरडत होता. "ब्रेकला तेल फासलंय, माझ्या माणसांनी वास घेतलाय. यंत्राच्या जवळ दुसरं कोण असतं? चल पोलिसांकडं. या वेळी शर्टानं पुसायला मिळणार नाही तुला!"

कुणीतरी मागून डावऱ्याच्या पाठीत बुक्की घातली. तो गुडघ्यावर आला. त्याचा ओठ फुटला. तो काही बोलला नाही, आणि बोलणारही नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला घेऊन गेले तर तो परत येणार नव्हता.

"सोडा त्याला!" ती ओरडली. "तेल मी घातलं."

सगळे थांबले.

तिनं रात्रभर हेच जुळवलं होतं. यात डावऱ्या सुटत होता आणि म्हातारीही सुटत होती. "काल मीच घातलं. आणि दोन वर्षांपूर्वी, ते गेले त्या सकाळीसुद्धा मीच घातलं होतं. यंत्र ओरडत होतं म्हणून. ब्रेकला तेल लागलं की तो धरत नाही, बादली सुटते, हे मला माहीत नव्हतं. त्यानं ब्रेक पुसला तो माझ्यासाठी. त्यानं कुणाला मारलं नाही. माझ्या अडाणीपणानं माझा नवरा मेला."

नर्सरीवाल्याचा हात सुटला. गर्दीत कुजबुज झाली, मग गर्दी थोडी बाजूला सरली, आणि तेव्हा तिला दिसलं, मागं म्हातारी उभी होती. गलका ऐकून ती आज सकाळीच डबा घेऊन आली होती.

त्याच क्षणी तिला आपली चूक कळली. सगळ्या गावाला ती खोटं सांगू शकत होती. पण तेल कुणी घातलं हे ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं, तिच्यासमोर तिनं तेलानं काय होतं ते सांगून टाकलं होतं.

म्हातारीचं तोंड उघडं होतं. ती यंत्राकडं बघत होती, मग आपल्या हाताकडं. डबा तिरपा होऊन वरण धुळीत सांडत होतं, तिला पत्ता नव्हता.

"काय हो आजी," नर्सरीवाल्यानं विचारलं. "खरं बोलतेय का ही? तुम्ही घरात होता. हिनं घातलं होतं तेल?"

सून डोळ्यांनी तिला हो म्हणा, हो म्हणा, असं सांगत होती. म्हातारीनं डबा खाली ठेवला.

"हो," म्हातारी म्हणाली. "हिनंच घातलं. मी बघितलं होतं."

मग गाव सुनेवर तुटून पडलं. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाणारी, कुणी काय, कुणी काय. परत तिला ब्रेकला हात लावू देऊ नका, असं नर्सरीवाला म्हणाला. डावऱ्या उठला, त्यानं ओठ पुसला आणि रॉकेलात बुडवलेल्या फडक्यानं ब्रेकची पट्टी घासली. ती खडखडीत कोरडी होईपर्यंत तो घासतच राहिला. मग दुरुस्त केलेल्या बादलीत चढला.

"पाणी हवंय ना तुम्हाला?" तो म्हणाला. "मग मी उतरेन ते हिच्याच हातानं. नाहीतर विहीर अशीच राहू दे."

"बादलीतून उतरा आधी," ती त्याला म्हणाली. "आधी दगड."

संध्याकाळी विहिरीला पाणी लागलं. ती घरी आली तेव्हा डावऱ्या तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला आणि बाहेर थांबला. म्हातारी अंधारात बसली होती. दिवा लावला नव्हता, चूल पेटवली नव्हती.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" ती म्हणाली.

"मला वाटलं, तुमच्यावर काही येणार नाही."

"गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं." म्हातारीचा आवाज चढला. "त्याला शिव्या देत मी सुखानं मेले असते. आता कुणाला शिव्या देऊ? सांग ना! कुणाला देऊ?"

"मला द्या. गावाला मी तेच सांगितलंय."

म्हातारीनं तोंड उघडलं. पण शिवी आली नाही. ती छाती पिटून रडायला लागली. सून जवळ गेली तर तिनं तिला ढकलून दिलं. सून तिथंच भिंतीशी बसून राहिली, तिचं रडणं संपेपर्यंत.

"त्या डावऱ्याला माहीत होतं?" मग म्हातारीनं विचारलं.

"काल मी सांगेपर्यंत नाही. त्याला वाटत होतं, मी मुद्दाम मारलं."

"आणि असं वाटत असून तो तुझ्या हातानं विहिरीत उतरायचा?"

"रोज."

म्हातारीनं फाटकाकडं पाहिलं. तो तिथं उभाच होता.

"माझ्या पोरानं तुला कधी एवढं मानलं नाही," ती म्हणाली. "तुझे कपडे घे आणि जा त्याच्याबरोबर. परत येऊ नको. तुला बघून बघून मी सगळं सांगून टाकीन कुणालातरी."

सुनेनं कपडे बांधले. तिनं वाकून पायांना हात लावला तेव्हा म्हातारीनं पाय ओढून घेतले. सून बाहेर पडली आणि म्हातारीनं आतून दाराला कडी घातली.